घरगुती कारण

क्लोद मिलेर यांचा 'अं सक्रे' (म्हणजे 'एक गुपित') हा २००७ सालचा फ्रेंच चित्रपट पाहिलेल्या माणसांना बोलतं केलं, की थोड्याच वेळात एका बाईवर खटला सुरू होतो. हाना दोषी की नाही? तिनं केलं ते रागातून, दुःखातून, की मन ठिकाणावर नव्हतं म्हणून? बाजू वेगवेगळ्या असतात, पण आरोपीच्या पिंजऱ्यात प्रत्येकजण तिलाच उभं करतो. माझी तक्रार तिथूनच सुरू होते.

गोष्ट सांगायची तर गुपित फोडावंच लागेल. पॅरिसमधलं ज्यू कुटुंब. माक्सिम देखणा, कसरतीचं वेड असलेला, आपण ज्यू आहोत याची आठवणही नको असलेला. हानाशी त्याचं लग्न होतं आणि लग्नाच्याच दिवशी हानाच्या भावाची बायको, तानिया, त्याच्या मनात भरते. पुढं युद्ध, जर्मन फौजा, ज्यूंच्या छातीवर सक्तीची पिवळी चांदणी. माक्सिम आधी सीमारेषा ओलांडून जर्मनांनी न व्यापलेल्या भागात जातो. तानियाही तिथंच पोचते. हानाच्या कानावर ते येतं. ती लहानग्या सिमोंला घेऊन निघते, सोबत शेजारीण लुईज. सीमेजवळच्या कॅफेत गणवेशातले अधिकारी कागद मागतात. लुईज खोटे कागद पुढं करते. हाना मात्र खरे काढून देते, आणि पोरगा जवळ येतो तेव्हा सांगते, हा माझा मुलगा. दोघांची रवानगी आउशवित्झला होते आणि तिथंच ते मारले जातात. युद्धानंतर माक्सिम तानियाशी लग्न करतो. त्यांना झालेल्या अशक्त मुलाला, फ्रान्स्वाला, पोटमाळ्यावरच्या पेटीत कापडी कुत्रा सापडतो. तो कुणाचा, हे मात्र घरातलं कुणी सांगत नाही. पंधरा वर्षांचा झाल्यावर त्याला सगळं सांगते ती लुईज. ही कथा फिलिप ग्रँबेर यांच्या २००४च्या कादंबरीवरून घेतलेली आहे. ग्रँबेर पेशानं मनोविश्लेषक, आणि गोष्ट त्यांच्याच घरची.

अकोल्यात आम्ही काही मंडळींनी एका स्नेह्याच्या घरी हा चित्रपट लॅपटॉप टीव्हीला जोडून पाहिला. संपल्यावर निवृत्त शिक्षक असलेले एक काका तिरीमिरीत म्हणाले, "सोताले जाचं होतं तं जा ना बाई, पन लेकराले काहून नेलं?" एका तरुणाच्या मते हा नवऱ्यावर उगवलेला सूड होता. बराच वेळ गप्प बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "सख्ख्या भावाची बायकोच सवत होऊन बसली तं कोनाचं डोकं जाग्यावर राहीन, तुमीच सांगा." मग माक्सिम आणि तानिया दोषी ठरले. चहा झाला. चर्चा चांगली रंगली. टेबलाशी उभं राहून कागद मागणाऱ्या त्या अधिकाऱ्याबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.

यात त्या मंडळींचा दोष नाही. चित्रपट या माध्यमाची ती खोड आहे. कॅमेऱ्याला चेहरा पकडता येतो, राजपत्रातला कायदा पकडता येत नाही. सेसिल द फ्रान्सची तानिया तलावात सूर मारते तेव्हा आपण तिच्याकडं पाहत राहतो. लुदिविन सानिएची हाना ते पाहते तेव्हा आपण हानाकडं पाहतो. दिग्दर्शकानं एक गोष्ट फार हुशारीनं केली आहे. युद्धकाळ रंगीत आणि १९८५चा वर्तमानकाळ काळापांढरा. जिवंत माणसांच्या आयुष्यातलाच रंग उडालेला, हे न बोलता कळतं. पण या सगळ्या कौशल्याचा परिणाम असा होतो, की एका राज्यानं ठरवून केलेल्या हत्येची गोष्ट तीन माणसांच्या भानगडीची गोष्ट होऊन बसते.

आता राजपत्राकडं वळू. ज्यूंना नोकऱ्या-पेशांतून हाकलणारा पहिला कायदा फ्रान्सच्या व्हिशी सरकारनं ऑक्टोबर १९४०मध्ये केला. जून १९४२मध्ये पिवळी चांदणी आली. १६ आणि १७ जुलै १९४२ या दोन दिवसांत पॅरिस परिसरातून १३,१५२ ज्यू पकडले गेले. त्यांत मुलं ४,११५. धरपकड करणारे जर्मन सैनिक नव्हते, फ्रेंच पोलीस होते. आणि मुलांबद्दल म्हणाल तर, सोळा वर्षांखालच्या मुलांनाही आईबापांबरोबर पाठवा ही सूचना जर्मनांच्या मागणीआधी पुढं करणारा माणूस फ्रान्सचा पंतप्रधान पिएर लावाल होता. 'लेकराले काहून नेलं' या प्रश्नाचा पहिला धनी तो आहे. हानानं सिमोंचा हात धरला तेव्हा सिमोंचं नाव यादीत आधीच लागलेलं होतं.

मग हाना निर्दोष? तसं मी म्हणत नाही. खोटे कागद पर्समध्ये असताना तिनं खरे काढले, ही तिची कृती आहे, आणि ती कृती कणवेच्या नजरेनं पाहून पुसता येत नाही. माक्सिमचं मन तानियावर गेलं हेही खरं. पण अशी मनं युद्ध नसतानाही जातात. शांततेच्या काळात अशा बाईनं काय केलं असतं? माहेरी गेली असती, भांडली असती, अबोला धरला असता. मत्सराची शिक्षा म्हणून पोराचा मृत्यू देणारी यंत्रणा तिच्या घरानं उभारलेली नव्हती. तरी घराला वाटत राहिलं ते असं, की हे आपल्यामुळं झालं. म्हणून तर तोंडाला कुलूप लागलं. गुन्हा करणारं राज्य दप्तर मिटून मोकळं झालं आणि अपराध माक्सिम आयुष्यभर वागवत राहिला. घरातल्या गुपितांकडं पाहण्याची आपली नजर इथंच चुकते. आपण विचारतो, या लोकांनी लपवलं का. त्याआधी विचारायला हवं, की ज्याचा गुन्हा होता त्यानं तो कुठल्या कागदावर कबूल केला होता.

कादंबरीत हे कुलूप उघडतं कसं, ते पाहण्यासारखं आहे. म्हाताऱ्या माक्सिमचा कुत्रा गाडीखाली मरतो आणि हा कसलेला माणूस पार कोसळतो. तेव्हा मुलगा बापाला मिठी मारून 'जाऊ द्या, बाबा' म्हणत नाही. तो माहिती देतो. नोंदींमध्ये शोधून काढलेला त्या आगगाडीचा क्रमांक, तारीख, हाना आणि सिमों कधी मारले गेले ते. त्यांच्या मृत्यूला छळ करणाऱ्यांचा द्वेष जबाबदार आहे, तुम्ही नाही, असं तो बापाला सांगतो. मनोविश्लेषक लेखकानं इलाज म्हणून पुढं केला तो सरकारी नोंदीचा कागद, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हा कागद आपोआप तयार झालेला नाही. इतिहासकार सर्ज क्लार्सफेल्ड यांनी १९७८ साली फ्रान्समधून नेलेल्या सुमारे ७६,००० ज्यूंची नावं गाडीवार छापली. त्यांतले जेमतेम अडीच हजार परत आले होते. राज्यानं तोंड उघडलं ते त्याहून उशिरा. १६ जुलै १९९५ रोजी अध्यक्ष जाक शिराक यांनी फ्रेंच राज्याचा या गुन्ह्यात हात होता हे मान्य केलं. म्हणजे घटनेनंतर त्रेपन्न वर्षांनी. त्यानंतर नऊ वर्षांनी ग्रँबेर यांची कादंबरी आली, बाराव्या वर्षी चित्रपट. घराघरांतली गुपितं फुटायला सार्वजनिक कबुली लागते, असा माझा समज या क्रमानं पक्का झाला. उलटं, आधी घरांनी धीर करावा आणि मग राज्यानं मान्य करावं, असं क्वचितच घडत असावं.

इथं कुणी म्हणेल, आपल्याकडं असलं गुपित टिकलंच नसतं. त्यात तथ्य आहे. पहिली बायको गेल्यावर दुसरी घरात आली, तर सवतीचा टाक गळ्यात घालण्याची रीत आपल्या कित्येक घरांत होती. पितृपक्षातल्या अविधवा नवमीला नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवते, आणि तो स्वयंपाक पुष्कळदा दुसरीच रांधते. पोरं विचारतात, ही कोण? उत्तर मिळतं, तुझी मोठी आई. पंचांगानं तर हत्यारानं, अपघातानं, स्वतःच्या हातानं गेलेल्यांसाठीही चतुर्दशी राखून ठेवली आहे, आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी सर्वपित्री. ज्यू धर्मातही मृत्यूच्या वार्षिक दिवशी मुलगा प्रार्थना म्हणतो. पण त्याला तारीख लागते, आणि छावणीत मेलेल्यांची तारीख घरच्यांना कुठून ठाऊक असणार? त्या दृष्टीनं आपली व्यवस्था शहाणी आहे. मेलेल्या माणसाला घरात जागा देते.

पण ती पान वाढते, साक्ष घेत नाही. कोण गेलं हे सांगते. कुणामुळं गेलं, हे चतुर्दशीला कुणी विचारत नाही.

वऱ्हाडच्या शेजारचंच एक उदाहरण त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातलं आहे. १६ ऑगस्ट १९४२. पॅरिसमधल्या धरपकडीला बरोबर महिना झाला होता. नागपंचमीचा दिवस. अमरावती जिल्ह्यातल्या यावलीचे तुकडोजी महाराज गावोगाव खंजिरी वाजवून लोकांना जागं करत होते; चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूर गावावर त्यांच्या भजनांचा मोठा पगडा. त्या दिवशी तिथं पोलिसांनी गोळ्या झाडल्या, बालाजी रायपूरकर मारले गेले, आणि खवळलेल्या जमावानं चार सरकारी माणसांचा जीव घेतला. तीन दिवसांनी फौज आली. पुरुष पकडले गेले किंवा पळाले. घरात बायका उरल्या. सैनिकांनी बलात्कार केल्याच्या तक्रारी त्या बायकांनी केल्या, आणि मध्यप्रांत सरकारनं चौकशी नाकारली.

सेवाग्रामचे प्राध्यापक भन्साळी यांनी चौकशीसाठी ६३ दिवस उपोषण केलं. त्याआधी ते दिल्लीत व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद बापूजी अणे यांच्या दारात जाऊन बसले होते. अणे आपल्या वणीचे, वऱ्हाडचे लोकनायक. एकतर चिमूरला चला, नाहीतर राजीनामा द्या, एवढंच भन्साळींचं मागणं होतं. अण्यांनी ते मानलं नाही. (राजीनामा त्यांनी दिला, पण फेब्रुवारी १९४३मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी.) बातमी छापायलाही सरकारनं बंदी केली, निषेध म्हणून वर्तमानपत्रांनी जानेवारी १९४३मध्ये एक दिवस अंक काढले नाहीत.

आता दोन्ही बाजूंचं दप्तर पाहा. जमावानं केलेल्या खुनांचे खटले चालले, फाशीच्या शिक्षा झाल्या, त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या नेत्या अनसूयाबाई काळे यांनी देश पालथा घातला. त्या प्रकरणाचा कागद न् कागद आहे. बायकांच्या तक्रारींची न्यायालयीन चौकशी मात्र कधी झालीच नाही. त्यामुळं ते प्रकरण कुठं गेलं? घरात गेलं. आणि घरात गेलेली अशी गोष्ट अब्रूची होते, बाईची होते. आज चिमूरला १६ ऑगस्टला कार्यक्रम होतो, हुतात्म्यांना फुलं वाहिली जातात. तक्रार करणाऱ्या त्या बायकांच्या नातवंडांपैकी किती जणांना ठाऊक असेल, की आपली आजी सरकारविरुद्ध तोंड उघडून उभी राहिली होती? तोंड उघडणं हा अभिमानाचा भाग होता. नोंदच नसल्यामुळं तोही झाकला गेला.

हे सगळं जुनं झालं असं म्हणून मला थांबता आलं असतं. पण अमरावती विभागात राहून शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत 'घरगुती कारण' हे दोन शब्द वाचल्याशिवाय महिना जात नाही. आउशवित्झ आणि कापसाचं शेत यांची तुलना करणारा माणूस मूर्ख म्हणावा लागेल. ती मी करत नाही. दोष राज्याच्या अंगणातून घराच्या ओसरीवर कसा सरकवला जातो, ती रीत तेवढी सारखी आहे.

शेतकऱ्यानं आत्महत्या केली की फाईल तयार होते. पोलिसांची मर्ग नोंद, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, तलाठ्याकडचा सातबारा आणि आठ-अ, बँकेचा किंवा सोसायटीचा कर्जाचा दाखला. तहसीलमधून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं जाते. निकाल तीन प्रकारचे: पात्र, अपात्र, फेरचौकशी. पात्र ठरलं तर एक लाख, त्यातले तीस हजार हाती आणि सत्तर हजार मुदत ठेवीत. जमीन त्याच्या किंवा कुटुंबाच्या नावावर असावी, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचं किंवा परवानाधारक सावकाराचं असावं, नापिकीनं ते फिटलं नसावं, वसुलीचा तगादा असावा. यांतलं काही बसलं नाही, किंवा दारू, आजार, घरातलं भांडण असं काही निघालं, की अपात्र. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईनं सगळा जन्म पऱ्हाटीत घातला, तरी तिची फाईल शेतकऱ्याची होणं मुश्कील.

दारू आणि भांडण खोटं असतं असं नाही. असतं. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं उभं शेत खाल्लं तेव्हा दारू वाढली की आधी होती, आणि पोरीच्या लग्नाचे पैसे कुठून आणायचे यावरून जुंपली ते भांडण 'घरगुती' की शेतीचं, हे फाईलमधल्या एका रकान्यात कसं लिहायचं? रकान्याला एकच कारण लागतं. मग ज्याच्या हाती पेन आहे तो त्याच्या सोयीचं लिहितो. घरचे लोकही शिकतात. तलाठ्याच्या प्रश्नांवरून त्यांना कळतं काय सांगितलं तर चालतं, आणि तेवढंच सांगतात. बाहेरचे लोक म्हणतात, पैशासाठी खोटं बोलतात. बोलत असतील. पण खरं बोलण्याचा दंड कुणी लावून ठेवला आहे?

याचं पुढं काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. अमरावतीला शिकायला आलेला एक मुलगा प्रत्येक अर्जात वडिलांच्या मृत्यूचं कारण 'अल्पशा आजाराने' असं लिहायचा. वडिलांना झटका आला होता, असं घरात त्याला सांगितलेलं. शाळेतल्या पोरांनी सातवीतच खरं सांगून टाकलेलं. आईला ठाऊक नव्हतं की त्याला ठाऊक आहे. फाईल अपात्र झाली होती, म्हणजे सरकारच्या मते त्याच्या बापाला मरायला कारण नव्हतं. मग राहिलं कोण? आई राहिली. आजी एकदा रागाच्या भरात तसं बोललीही होती. या घरातल्या गुपिताची वीण कुणी घातली, असा प्रश्न विचारला तर मी आईकडं बोट दाखवणार नाही.

माझ्या मताला एक अडचण मात्र आहे, आणि ती मला सुटलेली नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळ पत्नी मालतीबाई आणि चार मुलांसह जीवन संपवलं. शेतकरी आत्महत्येची पहिली जाहीर नोंद म्हणून तो दिवस धरला जातो. अमर हबीब यांच्या किसानपुत्र आंदोलनाच्या हाकेवरून २०१७पासून दर वर्षी १९ मार्चला राज्यभर अन्नत्याग होतो. इथं कारण घरगुती ठरलं नाही, सार्वजनिक ठरलं, आणि ते योग्यच झालं. पण मालतीबाई आणि ती चार लेकरं? हाना जशी सिमोंसाठी जबाब देणं लागते, तसा इथं कुणी कुणासाठी जबाब देणं लागतो का? अन्नत्याग करणारे आम्ही हा प्रश्न विचारत नाही. विचारला तर लढ्याची धार कमी होईल अशी भीती वाटते. म्हणजे सगळा दोष राज्यावर टाकला की घरातली काही माणसं दुसऱ्यांदा नजरेआड होतात. मघाच्या काकांचा प्रश्न निव्वळ भाबडा नव्हता, एवढं मला मान्य करावं लागतं. तो पहिल्यांदा विचारला जातो आणि त्यापाशीच सगळे थांबतात, एवढीच माझी हरकत.

दोन्ही गोष्टी एका कागदावर मावू शकतात. ग्रँबेर यांच्या कादंबरीत मावल्या आहेत: हानाचं कृत्य झाकलेलं नाही आणि गाडीचा क्रमांकही गाळलेला नाही. कादंबरीच्या शेवटी लेखक एका वाड्याच्या आवारात पोचतो, तिथं पाळलेल्या कुत्र्यांची थडगी आहेत. वाडा लावालच्या मुलीचा आणि जावयाचा. सिमोंची राख कुठं गेली कुणाला ठाऊक नाही, आणि सिमोंला यादीत घालणाऱ्याच्या लेकीनं आपल्या कुत्र्यांची मात्र आठवण राखली. पुस्तक लिहायचं तिथं ठरलं. तो संताप नीट पाहिला तर हानावर नाही, बापावरही नाही. पडद्यावरची हाना पाहून तिच्यावर चिडलेल्या प्रेक्षकानं हे शेवटचं प्रकरण जरूर वाचावं.

आपल्याकडं असा कागद व्हायचा असेल तर सुरुवात समितीच्या फाईलपासूनच करावी लागेल. आज मदत द्यायची की नाही आणि माणूस का गेला, हे दोन प्रश्न एकाच निकालात अडकवलेले आहेत. एक लाख कुणाला द्यायचे याचे निकष सरकारनं हवे तेवढे कडक ठेवावेत, तो तिजोरीचा मामला आहे. कारणांची नोंद त्यापासून तोडावी. एकाहून जास्त कारणं लिहिता यावीत. बायकोचा, आईचा, मोठ्या पोराचा जबाब त्यांच्याच शब्दांत घेऊन तो फाईल अपात्र झाली तरी जपून ठेवावा. अमरावतीच्या विभागीय आयुक्त कार्यालयात २००१पासूनचे आकडे आहेत. जबाब नाहीत. पैशाचा निकाल आणि मृत्यूचं कारण हे जोवर एकाच सहीनं ठरतंय, तोवर त्या मुलाची आई खरं सांगणार नाही, आणि उद्या तिनं सांगितलं तरी ते लिहून घेणारा रकाना तहसीलमध्ये सापडायचा नाही.